बीबी का मकबरा: पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात घर असलं की सुट्टीत पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की एक फेरी बेगमपुऱ्यातल्या मकबऱ्याकडे होतेच. वर्षानुवर्षं तीच फेरी आणि जवळपास तेच प्रश्न. काही उत्तरं मला घरात ऐकलेल्या गोष्टींतून मिळाली होती. ती पुढे पुस्तकं वाचल्यावर बदलावी लागली. गोष्टी मात्र मी टाकून दिल्या नाहीत, कारण या वास्तूभोवती लोकांनी जे सांगून ठेवलंय तेही तिचाच भाग आहे. फक्त गोष्ट कुठे संपते आणि नोंद कुठे सुरू होते, हे इथे वेगळं करून सांगतो.

हा मकबरा नक्की कोणाचा?

दिलरस बानू बेगमचा. औरंगजेबाची ही पहिली आणि प्रमुख बायको, इराणच्या सफवी घराण्याशी नातं असलेल्या शाहनवाज खानाची मुलगी. १६३७ साली त्यांचं लग्न झालं. औरंगजेब तेव्हा शहजादा होता आणि दख्खनचा सुभेदार म्हणून या भागात राहत होता. त्यांची थोरली मुलगी झेबुन्निसा १६३८ मध्ये दौलताबादलाच जन्मली.

शेवटच्या बाळंतपणानंतर दिलरस बानू सावरली नाही. ११ सप्टेंबर १६५७ रोजी मुलगा झाला आणि ८ ऑक्टोबरला ती गेली. बाळ जेमतेम महिन्याचं होतं. त्याचं नाव मुहम्मद अकबर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

मग 'राबिया दुर्रानी' कोण?

तीच. मृत्यूनंतर तिला 'राबिया-उद्-दौरानी' हा किताब मिळाला. बसऱ्याची संत राबिया फार मोठी मानली जाते, तेव्हा 'या काळातली राबिया' असा त्याचा अर्थ. बोलता बोलता 'दौरानी'चं 'दुर्रानी' झालं आणि काहींना वाटू लागलं की ही बाई अफगाण दुर्राणी घराण्यातली. तसं काही नाही.

'बीबी' म्हणजे बाईसाहेब. बाईसाहेबांची कबर, इतकाच नावाचा साधा अर्थ. शहरात कोणी पूर्ण नाव घेत नाही. रिक्षावाल्याला नुसतं 'मकबरा' म्हटलं तरी पुरतं.

मुलाने आईसाठी बांधलेला ताजमहाल, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नवऱ्याने बायकोसाठी आग्र्याला ताज बांधला आणि मुलाने आईसाठी इथे मकबरा, ही जोडी ऐकायला इतकी गोड आहे की ती मोडायची इच्छा होत नाही. गाइड सांगतात, शाळेच्या सहलीत गुरुजी सांगतात, मीही लहानपणी हेच ऐकलं.

पण बोटांवर मोजून बघा. गोष्टीतला मुलगा म्हणजे शहजादा आझमशाह. त्याचा जन्म जून १६५३ चा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावरच्या लेखातलं वर्ष इसवी सनाच्या हिशेबाने १६६०-६१ येतं. म्हणजे आझमशाह तेव्हा सात वर्षांचा. सात वर्षांचं पोर गवंडी लावत नाही की संगमरवर मागवत नाही. बांधकामाचा हुकूम आणि पैसा औरंगजेबाचा, असंच मानावं लागतं.

मग आझमशाहाचं नाव आलं कुठून? पुढे मोठा झाल्यावर मकबऱ्याची देखभाल आणि डागडुजी त्याच्याकडे आली. ज्याने राखलं त्यालाच लोकांनी बांधणारा ठरवलं. गावोगावच्या देवळांच्या बाबतीतही हे घडतं. जीर्णोद्धार करणाऱ्याचं नाव राहतं आणि मूळ बांधणारा विसरला जातो.

मला तर चार वर्षांच्या मुलाने आई गमावली, ही खरी बाजू बनवलेल्या गोष्टीपेक्षा जास्त लागते.

बांधकाम नेमकं कधी झालं? कुठे १६५१ ते १६६१ असंही छापलेलं दिसतं.

दिसतं खरं. पण १६५१ मध्ये दिलरस बानू जिवंत होती आणि तिची दोन मुलं अजून जन्मायची होती. तिच्या कबरीचं काम तेव्हा सुरू होणं शक्य नाही. १६५७ च्या हिवाळ्यानंतर काम सुरू झालं आणि १६६१ च्या सुमारास मुख्य वास्तू उभी राहिली, हा हिशेब जुळतो.

त्या चार वर्षांत काय चाललं होतं तेही बघा. सप्टेंबर १६५७ मध्येच शाहजहान आजारी पडला, मुलांमध्ये गादीसाठी लढाई पेटली. १६५८ च्या सुरुवातीला औरंगजेब फौज घेऊन उत्तरेला निघाला आणि त्याच वर्षी बादशाह झाला. बायको जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. मकबऱ्याचं बरंचसं काम तो इथे नसताना झालं.

कोणी बांधला? ताजमहालाच्या कारागिरांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो रक्ताचा आहे. दरवाजावरच्या लेखात दोन नावं आहेत. वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. अताउल्लाह हा उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा, आणि लाहौरी म्हणजे ताजमहालाचा मुख्य वास्तुकार मानला जातो तो. मकबरा ताजसारखा का दिसतो याचं उत्तर इथे मिळतं. बापाने आग्र्याला जे केलं ते मुलाने दख्खनच्या दगडावर करून पाहिलं.

हंसपत रायचं नाव फारसं कोणी घेत नाही. आत शिरण्याआधी दरवाजाशी दोन मिनिटं थांबा आणि पाहुण्यांना ते नाव आवर्जून सांगा. दरवाजाच्या लाकडावर पितळेचे पत्रे मढवलेले आहेत, त्यावर वेलपत्ती उठवली आहे. लोक तिकीट दाखवून घाईने पुढे जातात आणि हे दार तसंच मागे राहतं.

पैसे कमी पडले म्हणून अर्धा चुन्यात केला, हे खरं?

गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनामा' या इतिहासग्रंथात खर्चाचा आकडा आहे, ६,६८,२०३ रुपये ७ आणे. वरच्या सात आण्यांसकट. ताजमहालाचा खर्च सुमारे ३ कोटी २० लाख सांगतात. म्हणजे तिथल्या पन्नास रुपयांमागे इथे जेमतेम एक रुपया येतो, इतका फरक.

कारणं लोक वेगवेगळी सांगतात. औरंगजेबाला इमारतींवर उधळपट्टी पटत नव्हती, त्याने संगमरवराच्या गाड्या अडवल्या, फक्त घुमटापुरत्या सोडल्या, अशी एक गोष्ट आहे. गाड्या अडवल्याची नोंद मी कुठे वाचलेली नाही, पण गाड्या आल्याची नोंद मात्र आहे. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जात असताना त्याला वाटेत संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या दिसल्या, आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीलाही १२ बैल जुंपलेले होते. आपल्याकडच्या काळ्या मातीत बैलगाडी हाकलेल्या माणसाला विचारा, त्या वाटेवर एकेक चढ कसा पार केला असेल. दगड जयपूरकडच्या खाणींतला. म्हणजे जो थोडाफार संगमरवर इथे लागला, तोही आणणं सोपं नव्हतं.

मग संगमरवर नेमका कुठे आहे?

खालून कमरेच्या उंचीच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर. तिथून घुमटाच्या बुडापर्यंत आपला काळा बेसॉल्ट, आणि त्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा. घुमट पुन्हा संगमरवराचा.

चौथऱ्यावर चढलात की भिंतीच्या अगदी जवळ उभे राहा आणि जिथे दगड संपून गिलावा सुरू होतो तो सांधा शोधा. हात लावू नका, डोळ्यांनीच बघा. खालच्या संगमरवरात दगडाच्या अंगातल्या करड्या शिरा दिसतात. वरच्या गिलाव्यात शिरा नाहीत, पण त्यातच वेली, पानं, जाळीची नक्षी काढलेली आहे. चुना वाळून घट्ट व्हायच्या आत ही नक्षी उठवून घोटायची असते. चूक झाली तर तेवढा भाग खरवडून पुन्हा लिंपायचा. साडेतीनशे वर्षांच्या पावसाळ्यांनी आणि आताच्या धुराने गिलावा ठिकठिकाणी काळवंडला आहे, कुठे कुठे पोपडेही निघाले आहेत. तरी सावलीतल्या कोपऱ्यांत पाकळीची कड अजून धारदार आहे. मला विचाराल तर मकबऱ्याची खरी कारागिरी या चुन्यात आहे. संगमरवर मुळातच सुंदर असतो, पण काळ्या दगडावर चुना लिंपून त्याला ते रूप देणं हे हातांचं काम आहे.

'गरिबांचा ताज' म्हणतात, ते बरोबर आहे का?

मला ते नाव आवडत नाही. ताज मनात ठेवून आलात तर इथे उणं काय तेच दिसत राहील. मधली इमारत अरुंद आहे, त्यामुळे चार कोपऱ्यांतले मिनार जवळ आलेले आणि उंच वाटतात. ताजची ती ऐसपैस बैठक इथे नाही, हे खरं आहे.

पण ताजच्या मागे नदी आणि मोकळं आकाश आहे, इथे मागे डोंगर आहेत. पावसाळ्यात ते हिरवेगार होतात आणि पांढरा घुमट त्या हिरव्यावर टेकल्यासारखा दिसतो. ताजमध्ये वरच्या दालनात दिखाव्याची कबर आहे आणि खरी तळघरात. इथे तशी दुसरी कबर नाही. वरच्या दालनाच्या मधोमध अष्टकोनी मोकळी जागा ठेवली आहे, भोवती ठेंगणा संगमरवरी कठडा. त्यावरून वाकून पाहिलं की खाली थेट खरी कबर दिसते. ही कल्पना ताजकडून घेतलेली नाही.

आणि एक गोष्ट. मुमताजमहलही बाळंतपणातच गेली, १६३१ मध्ये, तीही दख्खनच्या स्वारीत, बुऱ्हाणपूरला. सासू आणि सून दोघींचा शेवट सारखाच झाला. मुमताजचा देह आग्र्याला नेला. दिलरस बानू इथेच राहिली.

निजामाने मकबरा उचलून हैदराबादला न्यायला काढला होता, हे खरं का?

ही शहरातली सगळ्यात रंगवून सांगितली जाणारी दंतकथा. निजाम सिकंदरजाह, ज्याची कारकीर्द १८०३ ते १८२९, त्याला मकबरा इतका आवडला की हा आपल्या राजधानीत पाहिजे असं त्याने ठरवलं. एकेक फरशी सुटी करायची, क्रमाने नेऊन हैदराबादला जशीच्या तशी बसवायची, असा हुकूम निघाला. कामही सुरू झालं. आणि मग त्याला काहीतरी अशुभ घडणार असं वाटू लागलं. कोणी म्हणतं स्वप्न पडलं, कोणी म्हणतं नुसतीच मनात पाल चुकचुकली. मेलेल्या बाईची झोप मोडली म्हणून त्याने काम थांबवलं आणि प्रायश्चित्त म्हणून शेजारी मशीद बांधली.

यातली मशीद खरी आहे. मुख्य इमारतीच्या पश्चिमेला, त्याच चौथऱ्यावर ती उभी आहे, आणि ती निजामाच्या काळातली आहे यावर वाद नाही. तिच्यामुळे पश्चिमेकडून आत यायची वाट बंद झाली. मूळ आराखड्यात चारही बाजू सारख्या होत्या, आता तीनच बाजूंनी पायऱ्या चढून येता येतं. अताउल्लाहने जी समतोल मांडणी केली होती ती कोणीतरी नंतर मोडली, हे प्रत्येक येणाऱ्याच्या डोळ्याला खटकतं, आणि 'असं का केलं असेल?' या प्रश्नाला लोकांनी दिलेलं उत्तर म्हणजे ही गोष्ट. फरशा खरंच सुट्या केल्या होत्या की नाही, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण मशिदीसमोर उभं राहून ही गोष्ट सांगितली की ऐकणारा माणूस मान वर करून मशीद आणि मकबरा यांच्यातलं अंतर बघतो, आणि त्याला ती चौथी, बंद झालेली बाजू दिसते.

मकबऱ्यातून दौलताबादला जाणारं भुयार आहे ना?

असा प्रश्न प्रत्येक किल्ल्यावर आणि वाड्यात विचारला जातो. या शहरात तो विचारला जाण्याला एक ठोस कारण आहे. शहराच्या पोटात खरोखरच जुने मार्ग आहेत, पण ते पाण्याचे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. त्याने डोंगराच्या कुशीतलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. पुढे इतरांनीही नहरी काढल्या. मकबऱ्यापासून जवळच असलेल्या पाणचक्कीत खापराच्या नळांतून आलेलं पाणी भिंतीवरून हौदात कोसळतं, ते याच विद्येचं उदाहरण. खोदकामात असा जुना नळ किंवा दगडी पोकळी सापडली की लोकांना भुयार सापडल्यासारखं वाटतं, यात नवल नाही.

भुयारापेक्षा ती नहर बघा. चारशे वर्षांपूर्वी पंपाशिवाय पाणी चढवणाऱ्या माणसांची ती कमाई आहे.

कबर इतकी साधी का? आणि त्यावर नाणी कशाला?

वर एवढा घुमट, जाळ्या, नक्षी, आणि खाली मातीची कबर, त्यावर चादर. पहिल्यांदा वाकून पाहणारा माणूस गप्प होतो. धर्मनिष्ठ माणसाची कबर मातीची, उघडी असावी, या समजुतीतून हे आलेलं आहे.

नाणी आणि नोटा लोक टाकतात. कोणी नवस म्हणून, कोणी बाकीचे टाकतात म्हणून. ही काही जुनी शाही प्रथा नाही, पण आता ती इथली झाली आहे. लहान मुलांना नेम धरून नाणं टाकायची मजा वाटते. मी पाहुण्यांना अडवत नाही, एवढंच सांगतो की खाली कोणी म्हातारी राणी नाही, पस्तिशीची बाळंतीण आहे.

त्या महिन्याच्या बाळाचं पुढे काय झालं?

हा प्रश्न आपणहून कोणी विचारत नाही. मीच सांगतो, आणि सांगितल्यावर मराठी माणसाचा चेहरा बदलतो.

आईविना वाढलेल्या त्या मुहम्मद अकबरावर थोरल्या बहिणीचा, झेबुन्निसाचा, फार जीव होता. १६८१ मध्ये त्याने राजपुतान्यात बापाविरुद्ध बंड केलं. बंड फसलं. मारवाडचा सरदार दुर्गादास राठोडने त्याला वाचवून दक्षिणेत आणलं, आणि तो आश्रयाला आला तो छत्रपती संभाजी महाराजांकडे. आपण इतिहासात वाचतो तो शहजादा अकबर हाच. सुधागडाच्या पायथ्याशी धोंडसे गावी त्याचा मुक्काम होता. महाराजांविरुद्ध कट करणाऱ्यांनी त्याला सामील व्हायचं पत्र धाडलं, तेव्हा त्याने ते पत्र महाराजांकडेच पाठवलं. पुढे काही वर्षांनी तो समुद्रमार्गे इराणला गेला आणि परत आला नाही. भावाशी पत्रव्यवहार सापडला म्हणून झेबुन्निसाला दिल्लीच्या सलीमगडात डांबलं. मरेपर्यंत, सुमारे २० वर्षं, ती तिथेच होती.

आणि औरंगजेब त्या मुलाच्या मागावर, मराठ्यांना संपवायला म्हणून दक्षिणेत उतरला. १६८२ मध्ये तो या शहरात आला तेव्हा बायकोचा मकबरा बांधून वीस वर्षं झाली होती. ज्या बाळाच्या जन्मानंतर ती गेली, तेच बाळ आता संभाजी महाराजांच्या आश्रयाला होतं. आज शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे.

औरंगजेबाची कबरही इथेच आहे का?

नाही. तो १७०७ मध्ये अहमदनगरला वारला आणि त्याला खुलताबादला दफन केलं, इथून साधारण २५ किलोमीटरवर. तीही उघड्यावरची, मातीची कबर. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, लॉर्ड कर्झनच्या काळात निजामाने बसवलेली.

कधी जावं, किती वेळ ठेवावा?

सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर. भर दुपारी चौथऱ्याची फरशी तापते, आणि वर चपला काढूनच जावं लागतं. दीड-दोन तास पुरतात. बाग चारबाग पद्धतीची, म्हणजे चार भागांत आखलेली आहे, आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना दरवाजापासून चौथऱ्यापर्यंतचं चालणं जाणवतं. मिनारांवर आता चढू देत नाहीत, आशेने विचारू नका.

मकबरा सगळ्यात चांगला कुठून दिसतो?

आतून नाही. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरूळच्या नावापुढे ती झाकली जातात, म्हणून तिथे गर्दी नसते. त्या पायऱ्या चढून वर गेलात आणि लेण्यांकडे पाठ करून वळलात की खाली झाडांच्या दाटीत एकटा पांढरा घुमट दिसतो, आणि चार बारीक मिनार. माझ्या आजीला गुडघ्यांमुळे शेवटी शेवटी मकबऱ्याचा चौथरा चढवत नव्हता. आम्ही तिला गाडीने लेण्यांच्या पायथ्याशी नेलं होतं. तिने पदराने ऊन अडवून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "त्या लेकरांना नंतर कोणी सांभाळलं गं?" तेव्हा मला झेबुन्निसाचं नावही माहीत नव्हतं.